लॅब बंद करून पॉलिमर डिझाइन शिकवणार म्हणता, ते कसं? अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि अभ्यास मंडळाचे सगळे सदस्य,

नमस्कार.

संस्थेचं नाव मुद्दाम टाकलं नाही. भांडण संस्थेशी नाही, एका निर्णयाशी आहे, आणि आतल्या लोकांना पहिल्या चार ओळीत कळेलच.

तर निर्णय असा, की फंक्शनल पॉलिमरचा, म्हणजे ठरावीक कामासाठी गुण बसवलेल्या पॉलिमरचा, इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) राहील पण त्याचं प्रॅक्टिकल जाईल. सिंथेसिसची, म्हणजे पॉलिमर बनवायची, लॅब रिकामी करून तिथं कॉम्प्युटर लावायचे, पोरांनी स्क्रीनवर मोनोमर, म्हणजे पॉलिमरच्या साखळीच्या कड्या, निवडायचे, सॉफ्टवेअर सांगेल पॉलिमर किती अंशाला मऊ होईल, ते जर्नलमध्ये लिहायचं आणि व्हायवा द्यायचा. कारणं तीन दिली आहेत, सुरक्षितता, खर्च आणि इंडस्ट्रीची मागणी. पहिल्या दोनवर बोलू नंतर, पण तिसरं वाचून मला हसूच आलं बाप्पा, कारण ती इंडस्ट्री म्हणजे आम्हीच ना, नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतले बारके-मोठे युनिटवाले, आणि माझ्या ओळखीच्या एकाही युनिटवाल्याला कोणी काही विचारलं नाही.

मी कोण? याच विभागाचा माजी विद्यार्थी. दिवसा हिंगण्याला प्लास्टिक कंपाउंडिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये काम करतो, कूलरची बॉडी, टाकी असल्या मालाचं दाणं आम्ही बनवतो. आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, हेच प्रॅक्टिकल घ्यायला येत होतो. म्हणाल की याच्या तासिका गेल्या म्हणून ओरडून राह्यला. तासिकेच्या पैशात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि ते बिल किती महिन्यांनी निघतं तेही, त्यामुळे तो मुद्दा इथंच सोडू.

पॉलिमर डिझाइन म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, तुम्ही हा पॅरा सोडला तरी चालेल. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळी, हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये हे मांडलं तेव्हा मोठमोठे केमिस्ट मानायला तयार नव्हते, नोबेल मिळायला १९५३ उजाडलं. आता साखळी म्हटलं की तिच्यात हात घालायला जागा भरपूर आहेत. कड्या कोणत्या, दोन प्रकारच्या असतील तर कोणत्या क्रमानं, साखळी किती लांब, साखळ्या एकमेकींना किती ठिकाणी बांधल्या, मध्ये दुसरं काय मिसळलं. यातलं एक जरी हलवलं तरी माल बदलतो. शेतातला कडक पाइप आणि बागेत पाणी द्यायचा नरम पाइप, दोन्ही पीव्हीसीच आहेत. नुसतं पीव्हीसी साधारण ८० अंशांपर्यंत कडक राहतं, त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे नरम करणारा पदार्थ, घातला की तेच घरातल्या तापमानाला वाकायला लागतं. ईव्हीएचं पाहा, इथिलीन आणि व्हिनाइल असिटेट या दोन कड्यांचं पॉलिमर, चपलेच्या सोलमध्ये व्हिनाइल असिटेट साधारण १८-२० टक्के, सोलर पॅनेलच्या आत काच आणि सेलला धरून ठेवणाऱ्या शीटमध्ये २८ ते ३३ टक्के. टक्का वाढला की साखळ्या नीट रचून बसत नाहीत, स्फटिक कमी होतात, माल मऊ आणि पारदर्शक होतो. हव्या त्या कामासाठी हवा तो गुण ठरवून बसवायचा, हाच सगळा धंदा आहे.

आता त्या प्रॅक्टिकलबद्दल, जे तुम्ही काढलं.

पोरांना दोन मोनोमर द्यायचे, स्टायरीन आणि ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट. नुसत्या स्टायरीनचं पॉलिमर १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, नुसत्या ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटचं उणे ५४ ला, म्हणजे ते आपल्याकडं बाराही महिने चिकटच. पाण्यात साबण, साखळी सुरू करायला पोटॅशियम परसल्फेट, हवा हटवायला नायट्रोजन सोडायचा, सत्तर-पंचाहत्तर अंशाला ढवळत ठेवायचं, काही तासांनी दुधासारखं पांढरं लॅटेक्स हातात. वास असा की पोरं डब्बा खायला बाहेर पळतात. पण त्याआधी मिश्रण किती अंशाला मऊ पडेल ते काढायला कागदावर फॉक्सचं समीकरण लावायला सांगायचो, तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं आणि वजनाच्या हिश्शानं उलट्याची बेरीज. ५०:५० घेतलं तर उत्तर येतं ३ अंश. ७०:३० घेतलं, म्हणजे ७० स्टायरीन आणि ३० ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट, तर ३५ अंश. ८०:२० घेतलं तर ५४ अंश.

आता या ७०:३० वाल्याकडं पाहा. ३५ अंश! पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात हा माल वर्षभर कडक राहील, त्याला काही फरक पडत नाही. नागपुरात हा जानेवारीत कडक, एप्रिलपासून चिकट, आणि असलं लॅटेक्स भिंतीच्या रंगात घालतात, तो रंग भिंतीला मारला तर मे मध्ये सगळी धूळ त्या भिंतीवर. पोरांना मी विचारायचो की सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला रंग द्यायचा आहे, तुम्ही किती टक्के स्टायरीन घ्याल? मग सांगायचो की जास्त घेतलं तर थंडीत रंग सुकताना फिल्मच, म्हणजे सलग थरच, धरणार नाही, भेगा पडतील. त्यावर जी वादावादी व्हायची ना, ती कोणत्याही लेक्चरमध्ये होत नाही.

तुम्ही म्हणाल हे समीकरण तर सॉफ्टवेअर सेकंदात सोडवतं. सोडवू द्या ना, माझा त्याला विरोध नाहीच, मी स्वतः एक्सेलमध्ये लावतो. पण ऐका पुढं. एका गटाला दोन्ही मोनोमर एकत्र करून थेंब-थेंब सोडायला सांगायचो. दुसऱ्या गटाला तेच वजन, तीच रेसिपी, फक्त आधी सगळं स्टायरीन संपू द्यायचं आणि मग ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट घालायचं. पहिल्याचा माल डीएससीत, म्हणजे माल तापवत किती अंशाला मऊ पडतो ते दाखवणाऱ्या मशीनमध्ये, टाकला की ३५ च्या आसपास एकच पायरी दिसते. दुसऱ्याच्या आलेखात दोन पायऱ्या, एक पार खाली शून्याच्या खूप आधी आणि एक शंभरच्या जवळ, कारण आत दोन वेगळे भाग झालेले असतात, एक कडक एक मऊ. फोडणीत हळद आधी की मोहरी आधी, तसं आहे हे, सामान तेच पण ताटात वेगळंच येतं. आणि हा काही लॅबमधला खेळ नाही. रस्त्याच्या डांबरात घालतात ते एसबीएस याच तत्त्वावर चालतं, साखळीची दोन्ही टोकं कडक स्टायरीनची, मधला भाग रबरासारखा ब्युटाडाइनचा, कडक टोकं एकत्र येऊन गाठी धरतात म्हणून उन्हात डांबर वाहत नाही आणि थंडीत तडकत नाही. तेवढंच स्टायरीन आणि तेवढंच ब्युटाडाइन साखळीत अस्ताव्यस्त पसरलं असतं तर हे जमलं नसतं.

सॉफ्टवेअरला पोरगं सांगतं ७०:३०. ते कसं घातलं, किती वेळात घातलं, नायट्रोजन मध्येच संपला होता का, सँपल नीट वाळलं होतं का, हे पोरगं सांगत नाही कारण त्याला हे सांगायचं असतं हेच माहीत नाही. ते हातानं केल्यावरच कळतं. आणि मॉडेलला शिकायला जो डेटा लागतो तोही कोणीतरी कुठल्यातरी डीएससीवर मोजूनच भरलेला असतो ना.

आता तक्रारी. एकेक लिहितो, राग येईल पण वाचा.

पहिली डीएससीची. ग्रँटमधून आलेलं चांगलं मशीन आहे, त्यात पाच-दहा मिलिग्रॅम सँपल लागतं, इंडियम या धातूवर कॅलिब्रेट करा, १५६.६ अंशाला वितळलं की समजा मशीन खरं बोलतंय. आज ते कव्हर घालून झाकलेलं आहे. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, रिन्यू झाली नाही, नायट्रोजनचं सिलिंडर आणायची फाइल अकाउंट्समध्ये, अ‍ॅल्युमिनियमचे पॅन संपले. मग रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की मशीनचा वापर कमी आहे. सिलिंडर न देता वापर मोजायचा ही कोणती पद्धत?

दुसरी फ्यूम हूडची, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाची. मोटर जळली, अर्ज दिले, कोटेशन आली, पुढं काही हललं नाही. आणि आता हूड बंद आहे म्हणून लॅब असुरक्षित, लॅब असुरक्षित आहे म्हणून बंद. सुरक्षितता मला नको आहे असं कोणी समजू नये, स्टायरीन काही गुलाबपाणी नाही. पण मग मोटर बदला ना भौ. आणि जिथं हूड नाही तिथंही करण्यासारखं पुष्कळ आहे. पीव्हीए आणि बोरॅक्स, सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड, हे ना जळतं ना वास येतो, आणि क्रॉसलिंक, म्हणजे साखळ्यांमधल्या गाठी, वाढवले की जेल कसं घट्ट होतं ते डोळ्यांनी दिसतं. तुम्ही तेही काढलं, सगळं एका झाडूत.

तिसरी, लॅब असिस्टंटचं पद. आधीचे काका रिटायर झाले आणि जागा रिकामीच. याच्यावर जास्त लिहित नाही, सगळीकडं हेच आहे.

चौथी तक्रार जरा मोठी आहे आणि माझ्या मते खरी तीच. सिलॅबस असा बनवला आहे की जणू नागपूरला हवामानच नाही. पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचं प्लास्टिक, शिकवता, पर्यावरणपूरक, कंपोस्ट होतं, मार्क घ्या. पण पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात दुपारी बंद कार उन्हात ठेवा, डॅशबोर्ड त्याच्या वर जातो. थ्री-डी प्रिंटरवर हौसेनं काढलेला मोबाइल होल्डर मान टाकतो, हे इथल्या कितीतरी पोरांनी पाह्यलं आहे, पण काहून झालं ते विचारलं तर सांगता येत नाही. तोच पीएलए नीट स्फटिक धरेल असा केला, न्यूक्लिएटिंग एजंट (स्फटिक लवकर धरवणारा पदार्थ) घालून किंवा मोल्डिंगनंतर थोडा तापवून, तर जास्त टिकतो, हे वाचून नाही करून पाहायचं असतं. नायलॉन ६ घ्या. वाळलेलं असताना ५० अंशांच्या आसपास मऊ पडतं, हवेतलं पाणी प्यायलं की तो आकडा घरातल्या तापमानाच्याही खाली येतो. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा कोरडी ठक्क आणि ऑगस्टमध्ये भिंतीला पाणी सुटतं, म्हणजे एकच गिअर उन्हाळ्यात ठिसूळ आणि पावसाळ्यात लवचिक. पाणीच इथं प्लास्टिसायझर झालं. याचं डिझाइन कोण करणार, बाहेरून आलेला डेटाशीट?

हायड्रोजेलचंही तसंच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं सेल्युलोजवर आधारलेलं पूसा हायड्रोजेल काढलं, मातीत घालायचं, पाणी धरून ठेवतं आणि मुळाला हळूहळू देतं. बाजारात आता या नावाखाली काय काय विकतात, पाकिटावर लिहिलेलं असतं वजनाच्या शेकडो पट पाणी शोषतं. शोषतं ना, डिस्टिल्ड वॉटर. काटोल-नरखेडकडच्या बोअरचं जड पाणी घातलं तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साखळ्यांना धरून ठेवतं आणि फुगणं पार खाली येतं, अ‍ॅक्रिलेटवाल्या जेलमध्ये तर फारच. क्रॉसलिंक किती ठेवायचे, चार्ज किती ठेवायचा, कमी बांधलं तर जेल पातळ होऊन वाहून जाईल, जास्त बांधलं तर पाणीच पिणार नाही, हे त्या बोअरच्या पाण्यात मोजूनच ठरतं. तराजू, चहाची गाळणी आणि बीकर, एवढ्यात होणारं हे प्रॅक्टिकल. शेतकऱ्याचा पोरगा घरून बाटलीत पाणी घेऊन यायचा आणि त्याला पहिल्यांदा वाटायचं की हा विषय आपल्या घरचा आहे.

आणि कच्चा माल पाहा कुठं आहे. कापूस, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज, त्याची केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्थाही याच शहरात. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री कोट्स यांच्या गटानं २००४ मध्ये लिमोनीन ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड जोडून पॉलिकार्बोनेट करून दाखवलं. पुढं २०१६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला आंद्रेयास ग्रायनर यांच्या गटानं त्याच्या लांब साखळ्या केल्या, पारदर्शक माल, १३० अंशांच्या आसपासपर्यंत कडक राहणारा. आणि खरी गंमत पुढं आहे, या साखळीच्या प्रत्येक कडीवर एक दुहेरी बंध मोकळा राहतो, त्याला थायॉल (गंधकवाले रेणू) जोडून त्यांनी त्याच एका पॉलिमरपासून रबरासारखा, पाण्याशी जमणारा, जंतूंना रोखणारा असे वेगवेगळे प्रकार काढले. फंक्शनल पॉलिमर म्हणतात ते हेच, याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. संत्रानगरीच्या अभ्यासक्रमात याची एक ओळ नाही. उद्या लगेच सालीचा कारखाना निघेल असं मी म्हणत नाही, आपला संत्रा बहुतेक सोलून खाल्ला जातो, साल घराघरात आणि रस्त्यावर विखुरते, गोळा कोण करणार हा मोठा प्रश्न आहे. पण सालीतून तेल काढून ते काय आहे हे पाहायला कारखाना लागत नाही, डिस्टिलेशनचा फ्लास्क लागतो. तो लॅबमध्ये आहे, तुम्ही कॉम्प्युटर लावायच्या आधी कोणत्या कपाटात ठेवणार तेवढं सांगा.

पाचवी, युनिटवाल्यांचं टेस्टिंग. आमच्यासारख्या छोट्या लोकांना एक सँपल तपासायला मुंबई-पुण्याला कुरिअर करावं लागतं, आणि इथं मशीन झाकून ठेवलेलं. रीतसर फी घेऊन करून द्या म्हटलं तर धोरण नाही असं उत्तर मिळालं. धोरण बनवायचं काम कोणाचं आहे हे मला खरंच विचारायचं आहे.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्या प्रस्तावातले नवे कॉम्प्युटर, लायसन्स आणि एसी फुकट येणार नाहीत. हूडची मोटर, सिलिंडर, पॅन, एएमसी आणि मोनोमरची बाटली एका कागदावर आणि हे दुसऱ्या कागदावर मांडा, दोन्ही नोटीस बोर्डवर लावा. मी आकडे सांगत नाही, तुमच्याकडं कोटेशन आहेत.

इंडस्ट्रीची मागणी काय ते मी सांगतो. आमच्याकडं पास होऊन पोरं येतात, हुशार असतात, प्रेझेंटेशन भारी करतात. कूलरच्या टाकीला दोन उन्हाळ्यात भेग पडली, का पडली? उत्तर येतं, मटेरियलचा दर्जा खराब. अरे पण नेमकं काय? उन्हानं साखळ्या तुटल्या, की उन्हापासून वाचवणारा स्टॅबिलायझर कमी पडला, की कोणी रिसायकलचं दाणं जास्त ओतलं, की मोल्डमध्ये थंड करायची घाई झाली? यातलं कोणतं कसं ओळखायचं, कोणती टेस्ट आधी लावायची, हे ज्याला सुचतं तो माणूस आम्हाला पाहिजे आणि तो स्क्रीनसमोर तयार होत नाही. ज्यानं स्वतःचं लॅटेक्स एकदा फाटताना पाह्यलं आहे आणि मग दोन तास डोकं खाजवलं आहे तो होतो.

मागण्या साध्या आहेत. येत्या सत्रापासून प्रॅक्टिकल परत सुरू करा, निम्म्या क्रेडिटचं का होईना. हूड दुरुस्त होईपर्यंत पाण्यातले आणि बिनवासाचे प्रयोग चालू ठेवा, त्याची यादी आणि पद्धत मी आणि माझ्या बॅचचे दोघं-तिघं मिळून फुकट लिहून देतो. डीएससीची एएमसी आणि नायट्रोजन या महिन्यात मंजूर करा. आठवड्यातला एक दिवस बाहेरच्या युनिटसाठी फी घेऊन टेस्टिंगला ठेवा, ती फी त्याच लॅबवर खर्च करा, सामान्य खात्यात नको. सिलॅबसमध्ये इथलं हवामान आणि इथला कच्चा माल यावर एक युनिट टाका. सॉफ्टवेअर ठेवा, जरूर ठेवा, पण अट अशी की पोरानं आधी आकडा काढायचा, मग माल करायचा, मग मोजायचा, आणि फरक का आला ते लिहायचं, मार्क त्या फरकाच्या स्पष्टीकरणाला. अभ्यास मंडळावर इंडस्ट्रीचा प्रतिनिधी म्हणून जी जागा आहे ती स्थानिक युनिटमधल्या माणसानं भरा, मी नको असेन तर दुसरा घ्या, हिंगण्याला कमी नाहीत. आणि ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त विद्यार्थ्यांना वाचायला द्या.

विद्यार्थ्यांच्या सह्यांचं निवेदन वेगळं येत आहे, त्याची पोच द्या. पुढची बैठक कधी आहे ते कळवलं तर मी युनिटमधून सुट्टी टाकून येतो, येताना ७०:३० ची फिल्म घेऊन येतो, दुपारची बैठक ठेवा आणि एसी बंद ठेवा, टेबलावर ती काय करते ते सगळ्यांनाच पाहता येईल.

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि सीएचबी शिक्षक
हिंगणा रोड, नागपूर